राहून गेलेला तिसरा आकडा

लिनक्सवर फाइल उघडायची तर प्रोग्रामला कर्नलकडे 'ओपन' या सिस्टिम कॉलची विनंती करावी लागते. सोबत फाइलचं नाव आणि ती कशी उघडायची याच्या खुणा द्यायच्या. 'नसेल तर नवी तयार कर' ही खूण असेल, तर तिसरा आकडाही लागतो: फाइल कोणी वाचायची, कोणी लिहायची.

सी भाषेत हा तिसरा आकडा ऐच्छिक म्हणून जाहीर केलेला आहे. तो विसरला तर एरवी कंपायलर चकार शब्द काढत नाही. रजिस्टरमध्ये आधीचं जे काही उरलेलं असेल, तेच परवानगी म्हणून कर्नलकडे जातं. फाइल कधी सगळ्यांना खुली, कधी मालकालाही बंद!

यावर जीलिब्सी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने तोड काढली. 'फोर्टिफाय सोर्स' हा तपासणीचा पर्याय आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल आणि खुणा कंपायलरला आधीच दिसत असतील, तर तिथेच एरर येते. खुणा प्रोग्राम चालू असताना ठरणार असतील, तर ऐन वेळी तपासून प्रोग्राम बंद पाडला जातो.

आकडा दिला, पण चुकीचा? ०६४४ ऐवजी नुसतं ६४४ लिहिलं, तर पुढे शून्य नसल्याने सी ते अष्टमान न मानता दशमान समजते. अष्टमानात ते १२०४ होतं. म्हणजे मालकाला फक्त लिहिता येतं आणि परक्यांना वाचता येतं. कंपायलरच्या लेखी दोन्ही पूर्णांकच. रस्ट या दुसऱ्या भाषेचा कंपायलरही इथे गप्पच बसतो, कारण तिथेही परवानगी हा साधा आकडाच आहे. तिथे ही चूक पकडते ती क्लिपी ही रस्टची वेगळी तपासणी.