टोलनाका हमरस्त्यावर, कोंडी मात्र गावात



गळीत हंगाम भरात आला की एक तक्रार गावोगावच्या बैठकीत हमखास निघते. "हमरस्ता चौपदरी झाला, वरून मोटारी भुर्रकन जातात, मग आमच्या चौकात उसाच्या गाड्या दोन-दोन तास का अडकतात?" तक्रार रास्त आहे. पण तिचं मूळ चौकात नाही, ते चार-सहा मैल पलीकडं टोलनाक्यावर आहे. ते कसं, हे समजून घेऊ.

नाका चुकवायचा मोह

राष्ट्रीय महामार्गावरचा टोल २००८ च्या केंद्रीय नियमांनुसार ठरतो. त्यात चौपदरी रस्त्यासाठी २००७-०८ सालचा मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, तर दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे असा धरला आहे. पुढं दर वर्षी त्यात वाढ होत गेली. म्हणजे ट्रकवाल्याला मोटारवाल्याच्या तिपटीहून जास्त पैसे पडतात. मग नाका चुकवायचा मोह जास्त कोणाला होणार? ज्याची गाडी सगळ्यात जड, त्यालाच.

टोल नाक्यावर एकदम द्यावा लागतो, तो डोळ्यांना दिसतो. आडवाटेनं जाताना जळालेलं डिझेल, झिजलेले टायर आणि वाया गेलेला वेळ मात्र थोडा थोडा जातो, म्हणून दिसत नाही. त्यामुळं चालक नाक्याअलीकडं उतरतो, दोन गावांतून जातो आणि नाक्यापलीकडं पुन्हा वर चढतो. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. त्यामुळं नाक्यावरच्या रांगा कमी झाल्या, पण पैसे कटायचे ते कटतातच. म्हणून आडवाट काही सुटली नाही.

आपली गाडी खाली का?

त्याच नियमांत दुसरी एक गोष्ट आहे. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना टोल नाही. मात्र जिथं सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता आहे, तिथं दुचाकी सोडून बाकीच्यांना मुख्य रस्त्यावर यायला मनाई आहे. हे सुरक्षिततेच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण परिणाम काय होतो पाहा. ज्याला वर जाता येत नाही तो आपला ट्रॅक्टर आणि ज्याला वर जायचं नाही तो टोलचुकव्या ट्रक, हे दोघं एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोर येतात. त्यात बाजाराचा दिवस असला की एसटीही अडकते आणि शाळेची पोरंही अडकतात.

रस्त्याची दैना होते ती वेगळीच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम गाड्या फिरवून मोठी चाचणी घेतली गेली. तिच्यातून असं दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती जवळजवळ सोळापट होते. गावचा रस्ता बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या हिशेबानं केलेला. त्याला हे ओझं कसं पेलावं?

परमुलखातला अनुभव

हे दुखणं आपलंच आहे असं नाही. जर्मनीत २००५ साली १२ टनांवरच्या ट्रकांना मोटारमार्गांवर टोल बसला आणि काही ट्रक शेजारच्या जुन्या रस्त्यांवर उतरले. सरकारनं २००७ मध्ये अशा काही रस्त्यांवरही टोल लावला आणि १ जुलै २०१८ पासून सगळ्याच केंद्रीय रस्त्यांवर. आडवाटेलाही पैसे पडू लागल्यावर चुकवायचा फायदाच उरला नाही.

ऑस्ट्रियानं उलट वाट धरली. सरहद्दीवरच्या कुफस्टाइन गावातून, टोलचं तिकीट वाचवायला, बर्फावर खेळायला जाणाऱ्या मोटारींची रीघ लागायची. डिसेंबर २०१९ मध्ये तिथला मोटारमार्गाचा छोटा तुकडाच टोलमुक्त केला, म्हणजे मोटारी गावात शिरायचं कारण उरलं नाही.

स्पेनच्या कॅटलोनिया भागात १ सप्टेंबर २०२१ ला समुद्रकाठच्या मोठ्या मार्गावरचा टोल उठला. जुन्या रस्त्यावरच्या गावांनी सुस्कारा सोडला, पण मोठ्या मार्गावर गर्दी वाढून तिथं कोंडी होऊ लागली. तेव्हा "टोल उठवा, सगळं सुटेल" हे म्हणणं पुरतं खरं नाही. शिवाय रस्त्याच्या डागडुजीचा खर्च कोणाच्या तरी खिशातून जाणारच.

हिशेब आपल्याच बिलात

काही मंडळी म्हणतात, "टोल वाहतूकदाराचा, आपल्याला काय त्याचं?" पण एफआरपीतून तोडणी-वाहतूक खर्च वजा जाऊनच आपल्या हाती बिल पडतं. म्हणजे टोल वाचला काय आणि भरला काय, शेवटी तो आपल्याच हिशेबात येतो.

आता दुसरी बाजू. तोडलेला ऊस फडात नाहीतर गाडीत जितका जास्त वेळ राहील तितका वाळतो, वजन घटतं आणि साखरेचा उताराही उतरतो. कोंडीत गाडी अडकली की दिवसाची एक खेप बुडते. एक खेप बुडाली की तोडणीची टोळी फडात बसून राहते आणि इकडं गव्हाणीला ऊस कमी पडतो. नाक्यावर वाचलेले शे-दोनशे रुपये काट्यावर घालवण्यात शहाणपण कसलं?

आपण काय करायचं

पहिलं, ट्रकवाहतुकीचा दर ठरवतानाच लांबच्या गटासाठी टोल धरावा आणि ट्रकनं हमरस्त्यानंच यावं अशी अट घालावी. चालकाच्या खिशाला झळ नसली की तो आडवाटेला जाणार नाही. गावचा रस्ता ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांना मोकळा राहील.

दुसरं, ग्रामसभेत नुसती ओरड करू नये. आठवडाभर चौकात वही घेऊन बसावं. किती वाजता किती जड गाड्या गेल्या, कोंडी किती वेळ राहिली, हे लिहून काढावं. आकडे हातात असले की अर्जाला वजन येतं आणि जड वाहनांना ठरावीक वेळी मनाई मागता येते.

तिसरं, नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना घरच्या, धंद्याच्या नसलेल्या मोटारीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. ज्यांच्या दारात जीप आहे त्यांनी तो काढावा. आपणच नाका चुकवून शेजारच्या गावात गर्दी करायची आणि आपल्या गावातल्या गर्दीबद्दल बोलायचं, हे बरं दिसत नाही.

चौथं, रात्री ट्रॉलीच्या मागं लाल परावर्तक लावल्याशिवाय गाडी फडाबाहेर काढू नये. अरुंद रस्त्यावर एक गाडी उलटली तर टोल, खेप, उतारा हे सगळे हिशेब बाजूला राहतात.

रस्ता सरकारचा असो की ठेकेदाराचा, त्यावरून जाणारा ऊस आपला आहे. तो वेळेवर काट्यावर पोचावा, यातच सभासदाचं आणि कारखान्याचंही हित आहे.