रुळांकाठची भाजी

लोकलने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी रुळांच्या कडेचे पालक-माठाचे हिरवे वाफे वर्षानुवर्षे पाहिले असतील. मुंबईसारख्या शहरात, जिथे माणसाला उभे राहायला जागा नाही, तिथे भाजी कशी काय पिकते, असा प्रश्न गाडीत अनेकदा ऐकू येतो. माझे मामा रेल्वेत गँगमन होते व त्यांच्याकडे असा दोन गुंठ्यांचा तुकडा होता. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकाआधी चिखलात मिळाले.

पुस्तकातले उत्तर भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. फॉन थ्यूनेन या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८२६ साली असे मांडले की, शहराभोवतीच्या पहिल्या वर्तुळात दूध आणि भाजीपालाच असणार. कारण हा माल नासका, दूरवरून आणणे परवडत नाही. पालेभाजीत दहांतले नऊ भाग पाणी. सकाळी कापलेली जुडी दुपारी मान टाकते. शिवाय शहरातले शेणखत या पहिल्या वर्तुळाला सहज मिळते, हेही त्याने हिशेबात धरले होते. आपल्या शहराने मात्र जमिनीचे भाव असे चढवले की, हे पहिले वर्तुळ तुटून रुळांच्या कडेला, कुणालाच बांधकाम करता येणार नाही अशा पट्ट्यांत येऊन बसले.

‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४२-४३ च्या टंचाईतली. त्याच नावाच्या योजनेखाली पुढे रेल्वेने आपली पडीक जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीस दिली. भाजी पिकावी आणि जागेवर अतिक्रमण होऊ नये, असा तो दुहेरी बेत. प्रत्यक्ष राबणारे हात पुष्कळ ठिकाणी उत्तर प्रदेशातून आलेल्या शेतमजुरांचे असत. आमच्याकडे मात्र मामा, मामी आणि सुट्टीच्या दिवशी मी.

या शेतीची खरी युक्ती वाफ्यांच्या पाळीत आहे. मामांनी दहा फूट लांब व चार फूट रुंद असे तीस वाफे पाडले होते. पालक साधारण तीस दिवसांत कापणीला येतो. म्हणून रोज एकाच वाफ्यात बी टाकायचे. महिना भरला की रोज एक वाफा तयार! मोठ्या शेतकऱ्याला पैसा हंगामाला मिळतो, मामांना तो रोज सकाळी मिळे. मेथी तीन आठवड्यांत हाती येते, मुळ्याला दीड महिना लागतो, तेव्हा ही पाळी थोडी मागेपुढे करावी लागे. पावसाळ्यात पालक सडतो; मग गादीवाफे उंचावून भेंडी लावायची आणि सखल कोपऱ्यात अळू. मांडव घालून दोडका-पडवळ लावण्याची मामींची फार इच्छा होती, पण सिग्नलच्या आड येईल असे काही उभारायचे नाही, हे मामांनी ठाम सांगितले होते. पहाटे चारला कापणी, कंदिलाच्या उजेडात जुड्या बांधणे, पाचला बाजार आणि मग मामा ड्यूटीवर.

आता पाण्याविषयी. गाडीतले लोक नाक मुरडतात ते याच कारणाने, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तुकड्याच्या एका अंगाला आम्ही खणलेला विहिरीसारखा खड्डा होता, दुसऱ्या अंगाला नाला. खड्ड्याला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिके. त्यानंतर खांद्यावरच्या कावडीचे डबे नाल्यातच बुडत. सांडपाण्यातले रोगजंतू भाजी नीट शिजवली की मरतात. पण कारखान्यांच्या पाण्यातून येणारे कॅडमियमसारखे धातू मुळांवाटे पानात शिरतात, ते धुऊनही जात नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत. त्यातही पालक हे धातू विशेष शोषून घेतो. आणि कापलेल्या जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्याच पाण्यात बुचकळल्या, की जंतूंची भर वेगळी.

मामींनी खड्ड्याजवळचे दोन वाफे घरासाठी राखले होते. त्यांना नाल्याचे पाणी कधीच पडत नसे. मी एकदा विचारले, “मामी, उन्हाळ्यात खड्डा आटला की आपण काय खातो?” मामी बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, “बटाटे.”

त्या रात्री मामा फारसे जेवले नाहीत. पुढच्या वर्षीपासून त्यांनी फेब्रुवारीनंतर पालक लावणे सोडले आणि सगळे वाफे भेंडीला दिले. फळभाजीच्या फळात पानांच्या मानाने धातू कमी उतरतात, शिवाय पाणी बुंध्याशी घालता येते, भाजीवर पडत नाही. हा पूर्ण इलाज नव्हे, हे त्यांनाही कळत होते. भेंडीची पहिली तोडणी यायला पंचेचाळीस-पन्नास दिवस लागतात. तोवर रोजचा पैसा बंद. मामींनी त्या दिवसांत दोन घरच्या पोळ्या धरल्या. निवृत्त होईपर्यंत चार उन्हाळे त्यांनी असेच काढले, आणि नंतर तो तुकडा परत केला.