नौदल-कायद्यातील ‘बंड’ : संज्ञेची व्याप्ती आणि शिक्षा

मराठीत बंड ‘पुकारले’ जाते. या क्रियापदातच घोष आहे, उघडपणा आहे. शिवाय बंडखोर एकटाही असू शकतो. रूढ संकेत मोडणाऱ्या कवीलाही आपण ते विशेषण सहज लावतो. नौदलाच्या कायद्याला यांपैकी एकही छटा अभिप्रेत नाही. १९५७ च्या भारतीय नौदल अधिनियमातील ४२ वे कलम पाहावे. तेथे बंड म्हणजे किमान दोघांची जूट होय. एकट्या नाविकाने आज्ञा झुगारली तर तो अवज्ञेचा निराळा अपराध ठरतो. ही जूट कायदेशीर अधिकार उलथून टाकण्यासाठी वा त्याला विरोध करण्यासाठी असेल, किंवा शिस्त ढासळावी अशा परिस्थितीत केवळ आज्ञा न पाळण्यासाठीही असेल. शस्त्र उचलले जाण्याची अट नाही. जहाज समुद्रात असण्याचीही नाही.

हे विवेचन केवळ शब्दांपुरते नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरील नाविकांनी अन्न व काम नाकारले. नाव जहाजाचे असले तरी ‘तलवार’ हे कुलाब्याच्या जमिनीवरील संदेशवहनाचे शिक्षणकेंद्र होते. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची वर्णद्वेषी शिवीगाळ या त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या कृतीला ते संप म्हणत. त्यांनी निवडलेल्या समितीच्या नावातही संप हाच शब्द होता. परंतु संप हा गिरणीचा शब्द. नौदल-कायद्याच्या कोशात त्याला जागा नव्हती. १९३४ च्या अधिनियमान्वये येथे लागू झालेला १८६६ चा ब्रिटिश शिस्तकायदा हिंसक व अहिंसक बंड असा भेद करी खरा. पण अहिंसक असले तरी ते बंडच, आणि त्याच्या म्होरक्यांना देहान्ताची शिक्षा देता येत असे. पुढे लोण जहाजांवर पोहोचले, गोळीबार झाला आणि २३ फेब्रुवारीस नाविकांनी शरणागती पत्करली. शेकडो जणांना नोकरीस मुकावे लागले. एका शब्दाऐवजी दुसरा लागू पडल्याने माणसाच्या पदरी काय येते, हे यावरून दिसते.

शिक्षेचे ४३ वे कलम अधिक बोलके आहे. बंडात सामील होणारा, ते सुरू करणारा, चिथावणारा, सैनिकांना फितविणारा हे अपराधी असणार, हे उघडच आहे. (‘फितविणे’ हा आपल्या जुन्या पत्रव्यवहारातील शब्द येथे नेमका बसतो.) परंतु बंड मोडण्यासाठी पराकाष्ठेचा प्रयत्न न करणारा आणि बंडाची कुणकुण लागूनही तत्काळ वर्दी न देणारा, हेही त्याच पंक्तीत आहेत. सर्वांना शिक्षा एकच : देहान्त, अथवा अधिनियमात सांगितलेली अन्य कोणतीही.

या तरतुदीमागील विचार जुना आहे. २८ एप्रिल १७८९ रोजी ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले, तेव्हा सोळा वर्षांचा पीटर हेवूड कप्तान ब्लायच्या होडीत न उतरता जहाजावरच राहिला. आपल्याला बळाने अडविले, हा त्याचा बचाव १७९२ च्या लष्करी न्यायालयाने मानला नाही. दहा आरोपींपैकी चौघे सुटले, सहांना देहान्त सुनावला गेला, तिघे प्रत्यक्ष फाशी गेले. न्यायालयाच्याच शिफारशीवरून हेवूडला राजाची क्षमा मिळाली आणि पुढे तो त्याच नौदलात कप्तानपदापर्यंत चढला.

ब्रिटनने १९९८ मध्ये लष्करी अपराधांसाठीचा देहान्त रद्द केला. भारतीय अधिनियमात तो कायम आहे.