निकाल १९५४चा, बदल १९६८चा

१९५४ मध्ये ०.००१ टक्के. १९६४ मध्ये २.३. १९८८ मध्ये ४३.५. आणि २०११ मध्ये २३.२. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अकरा राज्यांत, दर शंभर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी किती जण गोऱ्या मुलांचे बहुमत असलेल्या शाळेत शिकत होते, त्याचे हे प्रमाण. पहिला आकडा अक्षरशः लाखात एक असा आहे.

शाळांमधील वर्णभेदाचा विषय निघाला की १७ मे १९५४ ही तारीख हमखास सांगितली जाते. ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी शाळांमधील सक्तीचे वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवले. तारीख महत्त्वाची आहेच; पण आकड्यांची रांग मांडली तर वळण तिथे दिसत नाही.

१९५४ : ०.००१ टक्के
१९६० : ०.१ टक्का
१९६४ : २.३ टक्के
१९६७ : १३.९ टक्के
१९६८ : २३.४ टक्के
१९७२ : ३६.४ टक्के
१९८८ : ४३.५ टक्के
२००० : ३१.० टक्के
२०११ : २३.२ टक्के

शालेय विभाजनाचे अभ्यासक गॅरी ऑरफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी नोंदींवरून ही मालिका तयार केली आहे. तिच्यातून दोन प्रश्न उभे राहतात. निकालानंतरच्या दहा वर्षांत जेमतेम सव्वादोन टक्के पुढे सरकलेला आकडा पुढच्या चार वर्षांत एकवीस टक्क्यांनी कसा वाढला? आणि १९८८ नंतर तो उतरून पुन्हा १९६८च्या पातळीवर का आला? पहिल्याचे उत्तर पैशात आहे. दुसऱ्याचे बरेचसे उत्तर हद्दीत आणि देखरेखीत आहे.

दहा वर्षे, सव्वादोन टक्के

१८९६च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ निकालाने ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व मान्य केले होते. त्यातले ‘वेगळे’ काटेकोरपणे पाळले गेले. ‘समान’चे काय झाले, ते साउथ कॅरोलिनातील क्लॅरेन्डन काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्यातील एक प्रशासकीय विभाग) हिशेबात दिसते. १९४९-५० मध्ये तिथे गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होत होते आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३. ब्राऊन निकालात एकत्र आलेल्या खटल्यांपैकी एक याच काउंटीतला होता. त्या वेळी १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये वेगळ्या शाळा कायद्यानेच बंधनकारक होत्या.

निकालाने तत्त्व ठरवले, मुदत ठरवली नाही. ३१ मे १९५५च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने अंमलबजावणीचे काम स्थानिक संघराज्य न्यायाधीशांवर सोपवले आणि ती ‘विचारपूर्वक गतीने’ व्हावी असे म्हटले. दक्षिणेने यातला ‘विचार’ उचलला आणि ‘गती’ बाजूला ठेवली. १९५६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, १०१ सदस्यांनी निकालाविरोधात जाहीरनामा काढला. १९५७ मध्ये आर्कान्सातील लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कुलात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवावे लागले. पुढच्या वर्षी त्या शहरातली हायस्कुले वर्षभर बंद ठेवली गेली.

व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटी त्याही पुढे गेली. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा तिने १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळांना टाळे ठोकले. ते पाच वर्षे निघाले नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली आणि अनेकांची शिक्षणाची वर्षे कायमची बुडाली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या.

अनुदान थांबेल, या भीतीने

१९६४च्या नागरी हक्क कायद्यातील सहाव्या प्रकरणाने साधी अट घातली : वांशिक भेदभाव करणाऱ्या संस्थेला संघराज्य सरकारचा निधी मिळणार नाही. धमकी तेव्हा फारशी जड नव्हती, कारण शाळांच्या एकूण उत्पन्नात संघराज्याचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास होता. १९६५च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शाळांसाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली आणि हा वाटा जवळजवळ दुप्पट झाला. दक्षिणेत गरिबी जास्त, म्हणून अनुदानही जास्त. आता ते थांबणे परवडणारे नव्हते.

त्यातूनही पळवाट निघालीच. तिचे नाव ‘निवडीचे स्वातंत्र्य’. व्हर्जिनियाच्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. कोणीही कुठेही जावे, असे शाळा मंडळाने जाहीर केले. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले होती तिथेच राहिली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सांगितले की कागदावरची योजना पुरेशी नाही, परिणाम दिसला पाहिजे. पुढच्याच वर्षी मिसिसिपीच्या खटल्यात ‘ताबडतोब’ हा शब्द आला. निधीची अट आणि परिणामाची कसोटी एकत्र लागू झाल्यावर १९७२ पर्यंत आकडा ३६.४ वर पोहोचला.

बसचा वाद आणि हद्दीची भिंत

नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट-मेक्लेनबर्गमध्ये १९६८-६९ साली ८४ हजार विद्यार्थी आणि १०७ शाळा होत्या. २९ टक्के मुले कृष्णवर्णीय. त्यांपैकी १४ हजार अशा २१ शाळांत होती, जिथे ९९ टक्क्यांहून अधिक मुले कृष्णवर्णीयच होती. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथे मुलांना बसने दुसऱ्या भागातील शाळांत पाठवण्याच्या योजनेला एकमताने मान्यता दिली. ‘बसिंग’ या शब्दावरून देशभर वादळ उठले. १९७४ मध्ये बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. वास्तविक १९६९-७० मध्ये देशातील १ कोटी ८० लाख मुले, म्हणजे ३९ टक्के, बसनेच शाळेत जात होती. दक्षिणेत कित्येक वर्षे कृष्णवर्णीय मुलांना जवळच्या गोऱ्या शाळेसमोरून बसने लांबच्या शाळेत नेले जात होते, तेव्हा बसबद्दल अशी ओरड झाली नव्हती.

शार्लटमध्ये योजना चालली, याला एक प्रशासकीय कारण होते. अमेरिकेत शाळा चालवते ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्थानिक संस्था. आपल्याकडच्या जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. बहुतेक ठिकाणी तिचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि स्वतःचा मालमत्ता कर असतो. देशात अशा सुमारे १३ हजार संस्था आहेत. दक्षिणेतील अनेक राज्यांत पूर्ण काउंटीची मिळून एकच असते, त्यामुळे शहर आणि उपनगरे एकाच मंडळाखाली येतात. उत्तरेत मात्र एकेका महानगराभोवती अशा डझनावारी हद्दी आखलेल्या आहेत.

डेट्रॉइटमध्ये नेमके हेच आड आले. १९७० पर्यंत शहरातील शाळांत जवळपास ६४ टक्के मुले कृष्णवर्णीय होती; गोरी कुटुंबे उपनगरांत जात होती. केवळ शहरातली मुले इकडून तिकडे हलवून एकत्रीकरण होणार नव्हते. खालच्या न्यायालयाने म्हणून शहरातील २ लाख ७६ हजार आणि ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टमधील ५ लाख ३ हजार मुलांची एकत्र योजना करायला सांगितले. २५ जुलै १९७४ रोजी ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा उपाययोजनेत त्यांना ओढता येणार नाही, हा युक्तिवाद मान्य झाला. वीस वर्षांपूर्वी ब्राऊन खटला वकील म्हणून लढवणारे थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. ते अल्पमतात गेले. पावणेतीन लाखांच्या त्या शहरी शाळाव्यवस्थेत आज ५० हजारांच्या आसपास मुले उरली आहेत.

मिलिकनच्या एक वर्ष आधी पैशाची हद्दही पक्की झाली होती. टेक्सासमधील सॅन अँटोनियोत एजवूड या प्रामुख्याने मेक्सिकन-अमेरिकन वस्तीच्या डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्ता कराचा दर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर होता, तर श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. तरीही करातून मुलामागे एजवूडच्या हाती २६ डॉलर आले आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्य आणि संघराज्याची मदत धरूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला. जास्त दराने कर भरून कमी मिळवण्याची ही व्यवस्था १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी घटनासंमत ठरली. हद्द ओलांडून मूल जाणार नाही आणि पैसाही येणार नाही, असा दुहेरी बंदोबस्त सोळा महिन्यांत झाला.

दक्षिण पुढे, उत्तर मागे

याचा परिणाम पाहायला दुसरे मोजमाप घेऊ : ज्या शाळांत ९० टक्क्यांहून अधिक मुले बिगरगोरी आहेत, तिथे किती टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकतात? दक्षिणेत हे प्रमाण १९६८ मध्ये ७७.८ होते, ते १९८८ मध्ये २४.० वर आले आणि २०११ मध्ये ३४.२ झाले. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आदी राज्यांच्या ईशान्य विभागात याच तीन वर्षांचे आकडे आहेत ४२.७, ४८.० आणि ५१.४. तिथे उतार आलाच नाही. ज्या न्यूयॉर्कात वर्णभेदाचा कायदा नव्हता, ते राज्य २०११च्या सुमारास ६४.६ टक्क्यांसह या यादीत सर्वांत वर होते. कायद्याने केलेले विभाजन न्यायालय मोडू शकले. वस्ती, घरांच्या किमती आणि डिस्ट्रिक्टच्या हद्दी यांनी केलेल्या विभाजनाला हात लागला नाही.

घसरणीतले खरे किती

१९८८ नंतरच्या उताराबद्दल सावधपणे बोलायला हवे. १९६८ मध्ये देशातील दर पाच विद्यार्थ्यांपैकी सुमारे चार गोरे होते. २०१४ पासून त्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली आहे. लॅटिनो आणि आशियाई मुले वाढली आहेत. गोऱ्या बहुमताच्या शाळाच कमी झाल्या, तर त्यांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीयांची टक्केवारी आपोआप घटते. घसरणीचा काही भाग लोकसंख्येच्या या गणितात जातो.

सगळा मात्र जात नाही. अभ्यासक शॉन रीर्डन आणि अॅन ओवेन्स यांनी २०२४ मध्ये देशातील १०० सर्वांत मोठ्या डिस्ट्रिक्टचा अभ्यास मांडला. त्यांचा निर्देशांक लोकसंख्येतील बदलाचा परिणाम वगळून मोजतो, आणि त्यानुसार गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधील विभाजन १९८८ पासून ६४ टक्क्यांनी वाढले आहे. १९६८ पूर्वीच्या मानाने पातळी अजून बरीच खाली आहे, पण दिशा उलटी आहे. वस्त्यांमधील विभाजन वाढले म्हणून शाळांतले वाढले, असेही नाही. त्या काळात वस्त्यांतले थोडे कमीच झाले. अभ्यासकांनी दोन कारणे दाखवली : न्यायालयीन देखरेख उठणे आणि सरकारी निधीवर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांचा प्रसार.

देखरेख उठण्याचा मार्ग १९९१च्या ओक्लाहोमा सिटी निकालाने मोकळा केला. शार्लटची योजना २००२ मध्ये संपली. २००७ मध्ये सिअ‍ॅटल आणि लुइव्हिल या शहरांनी स्वखुशीने चालवलेल्या योजनाही पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाल्या, कारण त्यांत मुलाचा वंश पाहून प्रवेश ठरत होता.

हाती काय लागले

अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी १९५० ते १९७०च्या दशकांत जन्मलेल्या मुलांचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. एकत्रीकरणाच्या न्यायालयीन आदेशाखालील शाळांत पाच वर्षे शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे वेतन पुढे सुमारे १५ टक्क्यांनी जास्त आढळले आणि गरिबीत असण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या फरकाने कमी. गोऱ्या मुलांचे नुकसान आढळले नाही. कारणांचा शोध घेता, मुलामागचा खर्च वाढला आणि वर्ग लहान झाले, ही बाब ठळक दिसली. गोऱ्या मुलाशेजारी बसल्याने कोणी हुशार होत नाही. पण गोरी मुले जिथे होती, तिथे पैसा, प्रयोगशाळा आणि पुस्तके होती.

राष्ट्रीय चाचणीत १७ वर्षांच्या मुलांच्या वाचनातील गोरे-कृष्णवर्णीय अंतर १९७१ मध्ये ५३ गुणांचे होते, १९८८ मध्ये २० गुणांचे. २०१२ मध्ये ते २६ झाले. पालकांचे वाढलेले शिक्षण आणि गरिबी निर्मूलनाच्या योजना यांचाही त्यात वाटा आहे. तरी १९८८ हेच वर्ष दोन्ही मालिकांत वळणाचे ठरावे, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

किंमतही मोजली गेली, आणि ती बहुतांशी एकाच बाजूने. एकत्रीकरणात बंद पडल्या त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या शाळा. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेच्या आणि सीमावर्ती अशा १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. मुले एकत्र आली. शिक्षकांच्या खोलीत मात्र तसे झाले नाही.

आज वाद हद्दीभोवतीच आहे. अलाबामातील गार्डेंडेल या गोऱ्या बहुमताच्या उपनगराने काउंटीपासून फुटून स्वतःचा डिस्ट्रिक्ट काढायचा प्रयत्न केला. २०१८ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने त्यामागचा वांशिक हेतू ओळखून तो अडवला. पण जिथे जुना न्यायालयीन आदेश शिल्लक नाही, तिथे असे फुटणे अडवणे अवघड आहे. ‘एडबिल्ड’ संस्थेने २०१९ मध्ये दाखवले की गोऱ्या बहुसंख्येच्या डिस्ट्रिक्टना बिगरगोऱ्या डिस्ट्रिक्टपेक्षा वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळतात. दोन्हींतील मुलांची संख्या साधारण सारखीच आहे.

या सगळ्या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष भावनिक नाही, कारभाराचा आहे. १९६४ ते १९७२ मध्ये दक्षिणेतील गोऱ्या पालकांचे मन पालटले म्हणून २.३चे ३६.४ झाले नाहीत. अनुदान थांबेल आणि न्यायाधीश परिणाम मोजेल, हे मंडळांना कळले म्हणून झाले. देखरेख उठली तिथे आकडा उतरला आणि हद्द आडवी आली तिथे तो चढलाच नाही. ‘प्रयोग करून पाहिला, फसला’ असे म्हणणाऱ्यांनी या मालिकेतले चढते वर्ष आणि उतरते वर्ष शेजारी ठेवून, दोन्हींमध्ये पैसे कोण देत होते आणि हिशेब कोण तपासत होते, एवढे पाहावे.