दुखणी दोन, लक्षण एक

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि रसायनं म्हटली की प्रयोगशाळा आली. अशा ठिकाणी जुना संगणक भंगारात जात नाही, त्याला कारण असतं. पृथक्करणाचं महागडं यंत्र ठणठणीत असतं, पण त्याचं कार्ड बसतं फक्त आयएसए स्लॉटमध्ये आणि सॉफ्टवेअर चालतं विंडोज ९८ वर. मग तो पिवळा पडलेला डबा जपण्यावाचून गत्यंतर नसतं.

डबा ‘हँग’ होतो. का, हे ठरवण्यातच निम्मी दुरुस्ती आहे.

पहिला संशय इंटरप्टवर. कीबोर्ड, माउस, डिस्क प्रत्येकाला प्रोसेसरला हाक मारायची तार लागते. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा आठ तारा होत्या. १९८४ च्या एटीत दुसरी चिप जोडली, तरी वापरायला १५ च उरल्या. त्यातही कॉम १ आणि कॉम ३ या दोन्ही सीरियल पोर्टांना क्रमांक ४ चीच तार. कॉम १ वर माउस, कॉम ३ वर मोडेम. मोडेमने नंबर फिरवला की माउस जागच्या जागी थिजायचा. उपाय सोपा: बायोसमध्ये मदरबोर्डचा कॉम २ बंद करायचा आणि मोडेमचा जंपर कॉम २ वर सरकवायचा. कोकणातल्या दमट हवेत त्याआधी कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासून बघाव्यात. पुष्कळदा भांडण तारांचं नसतंच, गंज चढलेला असतो. इथे चुकलं तरी बिघडत नाही, जंपर परत जागेवर आणता येतो.

दुसरा संशय डिस्कवर, पण तिचं तसं नाही. विशिष्ट कामालाच अडकत असेल तर इंटरप्ट. कुठलीही फाईल उघडताना मध्येच थबकत असेल, आतून टक् टक् येत असेल, तर डिस्क. आणि नेमकं तेव्हाच लोक स्कॅनडिस्क लावून रात्रभर सोडून देतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला त्याहून वाईट शिक्षा नाही. ती बाहेर काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडून डीडीरेस्क्यूने आधी प्रत घ्यावी. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, हट्टी सेक्टरांकडे नंतर वळतो, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. जी काही डागडुजी करायची ती प्रतीवर.

नव्या डिस्कच्या जागी अॅडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही चालतं, कारण ते आयडीईचीच भाषा बोलतं. फक्त बायोस फार जुना असेल तर ५०४ मेगाबाइटच्या पुढचं त्याला दिसत नाही. कार्ड विकत घेण्याआधी तेवढं तपासावं.