सफरचंदातली अळी आणि नवी प्रजाती
परवा न्यूयॉर्क राज्यातल्या एका बागेत सफरचंदं तोडायला गेलो होतो. एक कापलं, तर आत अळी! मुलं किंचाळली, मी खूश.

ही ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला माशीची अळी. ही माशी मुळात हॉथॉर्न या झुडपाच्या फळांवरची. सफरचंद युरोपीय लोकांनी अमेरिकेत आणलं आणि १८६०च्या सुमारास हडसन खोऱ्यात काही माश्या त्याच्यावर वळल्या.

खरी गंमत पुढे. या माश्या जोडीदार फळावरच शोधतात. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं आणि माशी जगते जेमतेम महिनाभर. मग दोन्ही गटांची गाठ पडणार कशी?

आज त्यांच्या जनुकांत फरक दिसतो. संकर मात्र अजून थोडा होतो, त्यामुळे वेगळी प्रजाती म्हणायची घाई नको.

अशा फळबदलातून नवी प्रजाती घडू शकते, हा अंदाज कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी १८६७मध्येच मांडला होता!