अस्तराचा पडदा: कामाचा एक दिवस

सकाळी ७. भिवंडीत कापडाला तोटा नाही. गल्लीतल्या यंत्रमागांवरून उतरणारं कोरं, पांढुरकं ग्रे कापड हेच माझं अस्तर. मात्र ताण्याच्या सुताला खळ असते, म्हणून रात्रभर भिजत घातलेलं कापड आता धुऊन वाळत टाकायचं. कापड आटायचं ते शिवण्याआधीच आटलेलं बरं, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आखडतं आणि पडद्याला झोळ येतो.

साडेनऊ. कापणी. कामतघरच्या मावशींची खिडकी चार फुटांची, पश्चिमेची. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंत झाकायची, म्हणजे रॉड पाच फुटांचा आणि चुण्यांसाठी कापड दुप्पट. ४४ इंची पन्ह्याचे तीन तुकडे लागतात; दीड-दीड पन्ह्याचे दोन पडदे. गिऱ्हाईक इथेच कापड वाचवायला बघतं. चुण्या कमी झाल्या की पडदा ताणला जातो आणि मधोमध फट राहते, म्हणून इथे मी ऐकत नाही.

अकरा ते एक. शिलाई. अस्तर पडद्यापेक्षा इंचभर आखूड. वरच्या पट्टीत बुकरम घालून दोन्ही कापडं एकत्र शिवते, कडा जोडते, खाली मात्र दोन्ही मोकळी सोडते. एकत्र शिवली की पडदा ओढला जाऊन खालून वाकडा होतो. फिकट अस्तर काचेकडे येतं, ऊन माघारी फिरवतं. दोन कापडांमधली हवा उरलेली धग अडवते.

दोन. मावशींकडे. "ताई, रॉड चौकटीलाच ठोका ना, भिंतीला भोकं नकोत." पण काच आणि पडद्यामध्ये तापलेली हवा वर चढते आणि वरच्या फटीतूनच खोलीत उतरते. म्हणून रॉड चौकटीच्या वर, भिंतीलगत बसवला. त्यावर झालर लावून वरचं तोंड बंद केलं. पडद्याच्या बाहेरच्या कडा भिंतीकडे वळवून हुकात अडकवल्या.

चार. ऊन पडद्यावर आलं. अस्तराच्या बाजूने हात लावला तर चटका, खोलीच्या बाजूने कोमट. मावशींनीही हात लावून बघितला.

निघताना एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. पत्र्याची धग पडद्याने थांबत नाही, त्याला छताचाच उपाय हवा. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा मात्र ऊन काचेवर यायच्या आधी ओढा, आणि रात्री बाहेरची हवा थंड झाली की पडदा, खिडकी दोन्ही सताड उघडा.